रुमालाखालचे भाव : सौदा, सट्टा आणि सामान्य माणूस

२०२४ चा पोळा आमच्याकडे पावसातच गेला. दोन दिवस मराठवाड्यात धो-धो कोसळत होते. धर्माबाद तालुक्यात सोयाबीन पाण्यात उभे होते आणि बैलांच्या अंगावरच्या झुली ओल्या झाल्या होत्या. त्या संध्याकाळी माझा पुतण्या माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतले आणि बापाला सांगता न आलेली गोष्ट त्याने मला सांगितली. अकरा महिने तो मोबाईलवर 'ऑप्शन' करत होता. तीन लाख चाळीस हजार रुपये गेले होते. त्यातले एक लाख साठ हजार त्याच्या बापाच्या सोयाबीनच्या पट्टीचे होते. रडला नाही. एवढेच म्हणाला, "काका, हे इतकं अवघड असंल तर आमच्यासारख्याला त्यात जाऊच कसं देतात?"

दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला सांगावेच लागले. तो ओरडेल असे वाटले होते, ओरडला नाही. ओट्यावर बसून राहिला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "दादा, माझ्या सोयाबीनचा वायदा सरकारनं बंद केला. म्हणे सट्टा होतो. अन् ह्याचा सट्टा फोनवर चालू ठेवला. हे कोणतं शहाणपण?"

मी तीस वर्षे वाणिज्य शाखेच्या मुलांना शिकवले. वायदा म्हणजे काय, ऑप्शन म्हणजे काय, हे फळ्यावर अनेकदा लिहिले. तरी एकाच घरातल्या या दोन प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलगा विचारत होता, मला का अडवले नाही? बाप विचारत होता, मला का अडवले? गुंतागुंतीच्या आर्थिक व्यवहारांत सामान्य माणसाला नियामकाने जाऊ द्यावे की नाही, हा प्रश्न पुस्तकात फार सरळ दिसतो. आमच्या ओट्यावर तो तसा नव्हता. म्हणून मी मागे गेलो. आपल्या भागात आणि मुंबईत हा प्रश्न याआधी कोणकोणत्या रूपात आला, तेव्हा राज्यकर्त्यांनी काय केले आणि त्याचे पुढे काय झाले, याचा हा धांडोळा आहे.

कागद एक, माणसे दोन

आधी शब्द नीट लावून घेऊ. वायदा म्हणजे पुढच्या ठरलेल्या तारखेला, आज ठरलेल्या भावाने माल देण्या-घेण्याचा करार. ऑप्शनला आपल्याकडे जुने नाव आहे, तेजी-मंदी. 'तेजी' लावणारा थोडी रक्कम देऊन ठरल्या भावाने खरेदीचा हक्क विकत घेतो. 'मंदी' लावणारा विक्रीचा हक्क घेतो. हक्क वापरायचा की नाही, ते त्याच्या मर्जीवर. हे शब्द इंग्रजी पाठ्यपुस्तके येण्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईच्या कापूसबाजारात रुळलेले होते.

एक उदाहरण घेऊ. समजा सोयाबीन आज ४,५०० रुपये क्विंटल आहे. माझ्या भावाने क्विंटलमागे १०० रुपये देऊन तीन महिन्यांनी ४,५०० ने विकण्याचा हक्क घेतला. भाव ४,००० वर आला तर त्याला ५०० रुपये मिळतील आणि बाजारातला तोटा भरून निघेल. भाव वाढला तर १०० रुपये गेले, पण माल महाग विकला. म्हणजे हा विमा झाला. आता हाच हक्क, घरात सोयाबीनचा दाणा नसलेल्या माणसाने घेतला. त्याच्यासाठी तोच कागद पैज आहे. कागदावर काहीही फरक नाही. फरक माणसाच्या घरात आहे. नियमनाच्या इतिहासातले बहुतेक घोळ या एका अडचणीतून निघालेले दिसतात. कागद पाहून कायदा केला की विमा बुडतो, आणि कागद मोकळा सोडला की पैज फोफावते.

रुमाल

माझे वडील धर्माबादच्या मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम होते. निजामाच्या राज्यात जन्मले, मोडी आणि उर्दू दोन्ही लिहीत. त्यांच्या तोंडून रुमालाखालच्या सौद्यांच्या गोष्टी ऐकल्या. आडत्या आणि खरेदीदार एका रुमालाखाली हात धरायचे, बोटे दाबून भाव ठरायचा. माल शेतकऱ्याचा, तो शेजारी उभा; पण बोटे किती दाबली, ते त्याला कळायचे नाही. मग वजनातली कसर, धर्मादाय, हमाली, नमुना म्हणून काढलेले दाणे. पट्टी हातात येईपर्यंत काय उरले, तेच त्याचे.

या पद्धतीवर राज्यकर्त्यांनी काढलेला उपाय पाहण्यासारखा आहे. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ झाली, १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा आला. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ मध्ये अशा बाजारांची शिफारस केली आणि हैदराबाद संस्थानाने १३३९ फसलीत, म्हणजे १९३० च्या सुमारास, आपला कृषी बाजार कायदा केला. या कायद्यांनी शेतकऱ्याला 'तुला हा व्यवहार कळत नाही, तू बाजारात येऊ नकोस' असे म्हटले नाही. त्यांनी रुमाल काढला. उघडा लिलाव, परवानाधारक मापाडी, ठरलेली आडत, लेखी पट्टी. समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी. फसवणूक संपली असे नाही, मोंढ्यात वाढलेला माणूस तसे म्हणणार नाही. पण ती कशी होते ते दिसू लागले, आणि भांडायला जागा मिळाली.

वडिलांच्या दुकानात आणखी एक नियम होता, तो कोणत्याही कायद्यात नव्हता. मिरचीच्या व्यापाऱ्याला उधारी असो की शेतकऱ्याला उचल, ती पत पाहून. आधीची दोन देणी थकली असतील तर तिसऱ्यांदा पैसा सुटायचा नाही, माणूस कितीही गयावया करो. मालकाची त्यात दया नव्हती, पैसे बुडायची भीती होती. पण त्या भीतीमुळे देणारा घेणाऱ्याच्या ऐपतीकडे बघत असे. हे लक्षात ठेवू. पुढे लागणार आहे.

१ जुलै १८६५

सामान्य माणूस आणि न कळणारा सौदा यांची आपल्याकडची पहिली मोठी गाठ मुंबईत पडली. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव दिला. मुंबईत पैशाचा पूर आला. तो ठेवायचा कुठे, म्हणून बँका, वित्तकंपन्या आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. शेअर हातात नसताना पुढच्या तारखेचे सौदे होऊ लागले, आणि बहुतेक सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५. अमेरिकेतले युद्ध संपल्याची बातमी आली, कापूस कोसळला आणि जुलैच्या त्या दिवशी कोणीच कोणाचे देणे फेडू शकेना. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर पुढे ८७ रुपयांना विकावा लागला.

येथे दोन गोष्टी नोंदवण्याजोग्या आहेत. पहिली, बुडालेल्यांत बाजार न कळणारे तेवढेच होते असे नाही. या साऱ्या खेळाचा सूत्रधार प्रेमचंद रायचंद. त्याच्याइतका बाजार कोणाला कळत होता? तोही बुडाला. राजाबाई टॉवर ज्याच्या देणगीतून उभा राहिला, तोच हा माणूस. दुसरी, सरकारने काय केले? त्या वर्षी दिवाळखोरीचे दावे निकालात काढायला खास कायदा झाला, आणि मुंबई इलाख्याच्या १८६५ च्या तिसऱ्या कायद्याने पैजेच्या करारांना आणि त्यांना जोडून केलेल्या करारांना न्यायालयाचे दार बंद केले. म्हणजे सौदा करायला मनाई नाही, पण बुडाल्यावर दाद मागू नका. बाजार मोडल्यावर आलेला हा कायदा होता. १८७५ मध्ये दलालांनी आपली संघटना बांधली, तीच पुढे मुंबई शेअरबाजार झाली. बाजाराने स्वतःला नियम लावले ते मुख्यतः दलालांचे एकमेकांतले देणे बुडू नये म्हणून. गिऱ्हाईक त्या नियमांत बरेच मागे होते.

बंदी आणि तिची सावली

पुढच्या शंभर वर्षांत बंदीचा मार्ग अनेकदा चोखाळला गेला. मुंबईत पाऊस किती पडेल यावर पैजा लागत. १८९० मध्ये जुगाराचा कायदा दुरुस्त करून त्या बंद केल्या. १९३९ मध्ये मुंबई प्रांताने कापसातल्या तेजी-मंदीवर बंदी घातली. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या वायदे करार कायद्याने साऱ्या देशात मालातले ऑप्शन बंद केले, १९५३ मध्ये वायदे बाजार आयोग मुंबईत स्थापन झाला. १९५६ च्या रोखे करार कायद्याने शेअरमधले ऑप्शन बंद झाले. साठच्या दशकात टंचाईच्या काळात कापसासह बहुतेक महत्त्वाच्या मालांचे वायदे थांबवले, आणि जून १९६९ मध्ये शेअरमधलेही पुढच्या तारखेचे सौदे बंद झाले.

मग सट्टा संपला का? शेअरबाजारात तो 'बदला' नावाने आला आणि तीन दशके चालला. मध्ये काही काळ थांबवून पुन्हा सुरू झाला आणि २००१ मध्ये कायमचा बंद झाला. गल्लीत तो 'आकडा' झाला. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात उघडताना आणि बंद होताना कोणता भाव निघेल, यावर मुंबईत पैसे लागत. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून ते भाव येणे थांबले तेव्हा कापूसही गेला आणि नुसते आकडे उरले. वरळीला कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांनी त्याचा मटका केला. मराठवाड्याच्या तालुक्याच्या गावांतही माझ्या लहानपणी ओपन-क्लोजचे आकडे चहाच्या टपरीवर ऐकू येत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द कापसाच्या बाजारातून आले होते, हे ते लावणाऱ्या हमालाला माहीत नव्हते.

यावरून 'बंदी निरर्थक असते' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि बाजारवाले तो काढतात. मला तो पुरता पटत नाही. मटका गल्लीत होता, पण मटक्याला बँकेचे खाते जोडलेले नव्हते, त्याची जाहिरात क्रिकेटच्या सामन्यात होत नव्हती आणि 'शिका आणि श्रीमंत व्हा' म्हणत त्याचे वर्ग भरत नव्हते. चोरून करावी लागणारी गोष्ट सगळेच करत नाहीत. बंदीने वाईट माणसे थांबत नाहीत हे खरे. पण भाबडी माणसे बरीच थांबतात. तिची किंमत वेगळ्याच ठिकाणी मोजावी लागते. ती कागदावर घातलेली असल्यामुळे विमा म्हणून तो कागद वापरणाराही तिच्यात अडकतो.

दोन लाखांची वेस

नव्वदच्या दशकात दिशा उलटली. शेअर ऑप्शनवरची बंदी १९९५ मध्ये उठली, एल. सी. गुप्ता समितीने १९९८ मध्ये अहवाल दिला, जून २००० मध्ये निर्देशांकाचे वायदे आणि २००१ मध्ये ऑप्शन सुरू झाले. तेव्हा संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीला नेमकी माझ्या पुतण्यासारख्यांची काळजी वाटली होती. लहान गुंतवणूकदार यात ओढला जाऊ नये म्हणून एका कराराचे मूल्य किमान दोन लाख रुपये असावे, असे तिने सुचवले आणि तसे झाले. २०१५ मध्ये ही मर्यादा पाच लाख केली.

हे कुंपण कागदावर चांगले दिसते. पण त्यात एक मोठे भगदाड होते. वायद्यात मूल्याच्या प्रमाणात अनामत भरावी लागते, तिथे कुंपण थोडे काम करते. ऑप्शन विकत घेणाऱ्याला मात्र कराराचे मूल्य भरावेच लागत नाही. तो भरतो फक्त हक्काची किंमत. मुदत संपायला काही तास उरले की पाच लाखांच्या कराराचा हक्क काही शे रुपयांत मिळतो. २०१६ मध्ये बँक निफ्टीचे आठवडी ऑप्शन आले, २०१९ मध्ये निफ्टीचे, आणि पुढे जवळजवळ रोज कुठल्या ना कुठल्या निर्देशांकाची मुदत संपू लागली. वेस दोन लाखांची, पाच लाखांची. आणि तिच्याखालून शंभर-दोनशे रुपयांत वाट. माझा पुतण्या तिथूनच गेला.

तो एकटा नव्हता. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या. खर्च धरून सरासरी तोटा सुमारे दोन लाख, एकूण तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींहून जास्त. तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांचे जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत होते. तिशीच्या आतल्यांचे प्रमाण ४३ टक्के, आणि ७२ टक्के लोक मोठी तीस शहरे सोडून बाहेरचे. म्हणजे धर्माबाद, उदगीर, देगलूर. दुसऱ्या बाजूला याच वर्षी स्वतःच्या पैशाने व्यापार करणाऱ्या मोठ्या पेढ्या आणि परदेशी गुंतवणूकदार नफ्यात होते, आणि त्यांचा जवळजवळ सारा नफा संगणकी आज्ञावलीने केलेल्या सौद्यांतून आला होता. रुमालाखाली एक हात यंत्राचा होता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने किमान मूल्य पंधरा लाख केले, प्रत्येक बाजाराला एकाच निर्देशांकाची आठवडी मुदत ठेवली आणि मुदतीच्या दिवशी ऑप्शन विकणाऱ्यांकडून जादा अनामत घेण्याचे ठरवले. नोव्हेंबरपासून हे लागू होऊ लागले. २०२४-२५ या पूर्ण वर्षात मात्र व्यक्तींचा निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटी झाला. आदल्या वर्षी तो ७४,८१२ कोटी होता. तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के. कुंपणाचा परिणाम त्या वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांतच दिसू शकत होता, हे खरे. दक्षिण कोरियाने २०१२ मध्ये असेच केले होते. तिथला निर्देशांक-ऑप्शन जगात सर्वाधिक उलाढालीचा होता. कराराचा आकार पाचपट केला आणि उलाढाल एकदम कोसळली. म्हणजे आकार वाढवल्याने गर्दी हटते. पण हटणाऱ्यांत कोण असतो आणि राहणारा किती मोठी रक्कम लावून राहतो, हे आकार सांगत नाही.

सोयाबीनचा वायदा

आता भावाच्या प्रश्नाकडे. मालांचे वायदे २००३ मध्ये पुन्हा मोकळे झाले. जानेवारी २००७ मध्ये डाळी महागल्या म्हणून तूर आणि उडदाचा वायदा बंद झाला. लातूरच्या डाळ-गिरण्यांच्या गावात त्याची चर्चा झाली नसती तरच नवल. त्यानंतर नेमलेल्या अभिजित सेन समितीने २००८ मध्ये अहवाल दिला, त्यात वायद्यामुळेच भाव वाढले असे निर्विवाद सिद्ध होत नाही, असाच सूर होता. तुरीचे भाव मात्र वायदा नसतानाही २०१५ मध्ये आकाशाला भिडले आणि पुढे हमीभावाखाली आले. अमेरिकेनेही १९५८ मध्ये कायद्याने कांद्याचा वायदा बंद केला, कारण शिकागोत दोन व्यापाऱ्यांनी सारा कांदा कोंडून भाव असा पाडला की कांद्यापेक्षा पोते महाग झाले. ती बंदी आजही आहे, आणि कांद्याच्या भावाची चढउतारही आहे.

२०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेले. हमीभाव होता ३,९५०. कोंबडीखाद्याच्या व्यवसायाने ओरड केली, ऑगस्टमध्ये सरकारने बारा लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवा माल मोंढ्यात येईपर्यंत भाव उतरला. मग २० डिसेंबर २०२१ ला सेबीने सोयाबीन व त्याचे पदार्थ, हरभरा, मोहरी, गहू, बिगर-बासमती भात, मूग आणि कच्चे पामतेल, असे सात वायदे एका वर्षासाठी थांबवले. तेव्हापासून मुदतवाढीवर मुदतवाढ. २०२५ मध्ये ती मार्च २०२६ अखेरपर्यंत वाढवली. जानेवारी २०२३ मध्ये शेतकरी संघटनेच्या विचारांचे लोक याविरुद्ध मुंबईत सेबीच्या दारात गेले. एरवी सट्ट्याच्या नावाने बोटे मोडली जातात. इथे शेतकरीच वायदा सुरू करा म्हणत होते.

माझ्या भावाने आयुष्यात कधी वायदा केला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. वायद्याच्या एका कराराचा आकारच लहान शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरचा. पण पेरणीआधी तो मोबाईलवर वायद्याचा भाव बघायचा. तीन-चार महिन्यांनी काय मिळेल, याचा अंदाज त्यावरून बांधायचा. आता मोंढ्यात जो भाव फुटेल तो त्याचा. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना त्याचे सोयाबीन चार हजारांच्या आगेमागे गेले. वायदा असता तर भाव वाढला असता, असे मी म्हणणार नाही; वायदा भाव निर्माण करत नाही. पण पुढचा भाव उघडपणे दिसण्याची एक जागा होती, ती गेली. बोली पुन्हा रुमालाखाली गेली, एवढे नक्की.

पैसा असला म्हणजे कळते का?

नियामक आज आणखी एक मोजपट्टी वापरतो, ती म्हणजे श्रीमंतीची. पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवेत जायला किमान पन्नास लाख हवेत, पर्यायी गुंतवणूक निधीत एक कोटी. विचार असा की एवढा पैसा असणारा स्वतःला सांभाळेल. तोटा सोसण्याची ताकद मोजायला ही पट्टी ठीक. समज मोजायला नाही. १८६५ ने ते दाखवलेच होते. ३१ जुलै २०१३ ला नॅशनल स्पॉट एक्सचेंजने देणी थांबवली तेव्हा पुन्हा दिसले. गोदामातला माल आज घ्या, पंचवीस दिवसांनी जास्त भावाने विका, असा जोडसौदा; व्याज ठरल्यासारखे. सुमारे तेरा हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी अडकले. त्यांत शिकलेली, सधन मंडळी पुष्कळ होती. गोदामे उघडून पाहिली तर कागदावरचा माल बऱ्याच ठिकाणी नव्हता. वडिलांच्या दुकानातला कोणताही हमाल, पैसे देण्याआधी पोत्यात बंबू खुपसून माल पाहिला असता.

आमच्याकडे या पट्टीचा आणखी एक दोष आहे. रस्त्यात जमीन गेली की कोरडवाहू शेतकऱ्याच्या खात्यात एका दिवशी पन्नास लाख येतात. निवृत्त शिक्षकाच्याही खात्यात एकदाच मोठी रक्कम येते. ते त्या दिवशी 'जाणकार' ठरतात. आणि खरेच अभ्यास केलेली, पण पगार तीस हजार असलेली मुलगी मात्र अजाण ठरते.

मला काय वाटते

एवढे पाहिल्यावर मला असे वाटते की 'सामान्यांना अडवावे की नाही' हा प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जातो. आधी रुमाल काढावा. जिथे काढता येत नाही, तिथे सामान्य माणसाचा हात किती आत जाईल, यावर मर्यादा घालावी.

ज्याच्याकडे माल आहे किंवा ज्याला माल लागणार आहे, त्या शेतकरी कंपन्या, डाळ-गिरण्या, तेल-गिरण्या यांच्यासाठी सोयाबीन-हरभऱ्याचे वायदे सुरू करावेत, साठ्याच्या आणि सौद्याच्या कडक मर्यादा घालून. भाव चढला की बंद, असे करू नये. त्याने बाजार कधी रुजतच नाही.

पुतण्याच्या ऑप्शनसाठी कराराचा आकार वाढवत राहणे पुरेसे नाही. खाते उघडताना दलाल उत्पन्नाचा पुरावा घेतात. पण त्या उत्पन्नाशी तोट्याची मर्यादा बांधलेली नसते. ती बांधावी. वर्षाला तीन लाख मिळवणाऱ्याचे ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की त्या वर्षापुरता दरवाजा बंद. पडदा उघडताच आजवरचा एकूण नफा-तोटा पहिल्या ओळीत दिसावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्याला प्रत्येक सौद्यामागे दलाली मिळते, त्याला गिऱ्हाईक बुडण्याची थोडी तरी भीती हवी. वडिलांच्या मालकाला ती होती. आजच्या दलालाला नाही, कारण पैसे आधीच भरलेले असतात. गिऱ्हाईक बुडाले तरी त्याची पट्टी पूर्ण निघते.

यावर आक्षेप आहेत. सज्ञान माणसाला सरकारने का रोखावे, असे माझा पुतण्याच परवा म्हणाला. बाहेर डब्बा चालतोच, असेही म्हणाला. डब्ब्याचे उत्तर मी वर दिले: सगळे तिथे जात नाहीत. पहिल्या आक्षेपाचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. शंभरातल्या सात-नऊ जणांना माझी मर्यादा अन्यायाची वाटेल, आणि त्यांचे खरेही असेल. पण ज्या बाजारात शंभरातले नव्वद हरतात आणि हरणाऱ्याला आपण नेमके कोणाशी खेळतो हे दिसत नाही, तिथे सज्ञान असणे म्हणजे काय, हे मला मोंढ्यातल्या रुमालावरून समजते. शेतकरी सज्ञानच होता. त्याला बोटे दिसत नव्हती.

पुतण्या सध्या लातूरला एका डाळ-गिरणीत हिशेब लिहितो. दर महिन्याला बापाच्या खात्यात आठ हजार टाकतो. अजून बरेच बाकी आहेत. या दसऱ्याला तो आला तेव्हा भावाने त्याला विचारले, मार्चनंतर सोयाबीनचा वायदा सुरू झालाच, तर ते मंदी लावणे म्हणतात ते काय असते, ते मला एकदा नीट सांग. पुतण्याने खिशातली मोंढ्याची जुनी पट्टी काढली, उलटी केली आणि बापाच्या समोर आकडे मांडायला बसला.